वकील जातो, पेढी राहते

स्वारगेटच्या आसपास, मुकुंदनगरात म्हणा वा गुलटेकडीच्या अंगास म्हणा, एखाद्या सहकारी गृहरचना संस्थेच्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू व्हावीत, विकासकाच्या बाजूने मुंबईहून वकिलांचे एक जाडजूड पत्र यावे, आणि त्याच्या माथ्यावर एका ओळीत तीन-चार आडनावे, काही पारशी तर काही इंग्रज, अशी छापलेली असावीत, हा प्रकार पुणेकरांस आता नवा राहिलेला नाही. संस्थेचे चिटणीस बहुधा सेवानिवृत्त गृहस्थ असतात आणि उत्तर कोणास उद्देशून लिहावे याविषयी फार काटेकोर असतात. ते साहजिकच विचारतात, की या चौघांपैकी आपल्याला पत्र लिहिणारा कोण? त्याचे खरे उत्तर असे, की चौघांपैकी कोणीही नाही. ते चौघेही केव्हाच निवर्तले, त्यांतील इंग्रज तर स्वराज्य येण्यापूर्वीच मायदेशी परतले असतील. पण त्यांच्या नावाने नोटिसा निघत आहेत, दस्त नोंदले जात आहेत आणि बिले वसूल होत आहेत.

आता दुसरे दृश्य पाहा. त्याच स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर भोरच्या किंवा वेल्ह्याच्या पहिल्या गाडीने उतरलेला, सातबाराचे उतारे आणि जुन्या हुकूमनाम्याच्या नकला फडक्यात बांधून जिल्हा न्यायालयाकडे निघालेला पक्षकार कोर्टात पोचतो, आणि तेथे त्यास कळते की आपले वकीलसाहेब गेल्या पंधरवड्यात वारले. 2024 सालापासून स्वारगेटहून भुयारी मेट्रो त्याला थेट न्यायालयाच्या दारात नेऊन सोडते, हे खरे; परंतु दाराच्या आत गेल्यावर त्याला नवा वकील गाठावा लागतो, नवे वकीलपत्र लिहून द्यावे लागते, आणि जमिनीच्या वादाची तीन पिढ्यांची हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. एका शहरात वकील मेला तरी त्याचे काम अडत नाही आणि दुसऱ्या शहरात ते त्याच्या चितेबरोबरच थांबते, असे का? दोन शहरांच्या मध्ये एक घाट आहे एवढे कारण त्यास पुरणारे नाही.

वकीलपत्र कोणाच्या नावे?

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात एखाद्या आडत्याच्या गाळ्यावर पणजोबांचे नाव रंगवलेले असते, आणि गूळ विकायला आलेल्या शेतकऱ्यास ते पणजोबा हयात आहेत की नाहीत याच्याशी काही कर्तव्य नसते. पट्टी चोख मिळाली आणि पैसे वेळेवर हाती पडले म्हणजे झाले. वकिलांच्या पेढीचेही तसेच असावे असे वरवर पाहता वाटेल. तथापि आडत्याच्या आणि वकिलाच्या धंद्यात एक मूलगामी भेद आहे. आडत्याचा धंदा गाळ्याला चिकटलेला असतो, तर वकिलाची सनद त्याच्या देहाला. ती मुलाला वारशाने मिळत नाही, विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. आणि ज्या कागदाच्या बळावर वकील पक्षकाराच्या वतीने उभा राहतो ते वकीलपत्र 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तिसऱ्या आदेशानुसार दावा संपेपर्यंत, ते रीतसर रद्द होईपर्यंत, किंवा पक्षकार अथवा वकील यांपैकी कोणी एक मरेपर्यंतच अमलात राहते. म्हणजे ज्या व्यवसायाचा सारा पायाच असा नश्वर, त्यात शंभर-दीडशे वर्षे टिकणारी पेढी निर्माण होणे हेच मुळात आश्चर्य. आणि म्हणून ती पुण्यात का झाली नाही यापेक्षा मुंबईत कशी झाली, हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे.

मोरो रघुनाथचे प्रकरण

या प्रश्नाचे मूळ शोधू गेल्यास ते, चमत्कारिक वाटेल, पुण्यातच सापडते.

पेशवाई बुडून दहा वर्षे झाली होती. मुंबई बेटावर 1824 पासून इंग्लंडच्या राजाचे सुप्रीम कोर्ट बसत होते, तर पुणे आणि दख्खन यांचा न्याय कंपनी सरकारच्या अदालतींकडे, एल्फिन्स्टनने 1827 साली सिद्ध केलेल्या कायदेसंहितेप्रमाणे चालत होता. राजाचे कोर्ट निराळे आणि कंपनीची अदालत निराळी. एकीत इंग्लंडहून आलेले न्यायाधीश आणि बॅरिस्टर, दुसरीत कंपनीचे मुलकी अंमलदार, मुन्सफ आणि वकील. 1828 साली मोरो रघुनाथ नावाच्या पुण्यातील एका अल्पवयीन मुलास त्याचे नातलग पांडुरंग रामचंद्र यांनी त्याच्या मनाविरुद्ध अडकवून ठेवले आहे अशी तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे गेली, आणि कोर्टाने मुलास हजर करण्याचा हुकूम पुण्यावर काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो बजावू देण्याचे साफ नाकारले. त्यांचे म्हणणे असे, की नुकत्याच जिंकलेल्या मुलखातील मानकऱ्यांच्या घरांत मुंबईच्या कोर्टाचे बेलीफ शिरू लागले तर सरकारचा दबदबा तो काय राहिला? तोवर सर एडवर्ड वेस्ट आणि सर चार्ल्स चेंबर्स हे दोघेही न्यायाधीश त्याच वर्षी निधन पावले होते आणि कोर्टात एकटे सर जॉन ग्रँट उरले होते. आपल्या हुकुमाची तामिली होत नाही हे पाहून 1829 च्या एप्रिलमध्ये या बाणेदार, काहीशा हेकट गृहस्थाने सरळ कोर्टालाच कुलूप ठोकले. लंडनमध्ये कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड एलनबरो यांनी माल्कम यांस धीर देताना लिहिले, की आता दोन नवे न्यायाधीश पाठवतो, त्या दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्ये हा रानटी हत्ती ताळ्यावर येईल. हे खाजगी पत्र पुढे बोभाटा होऊन प्रसिद्ध झाले, हा त्यातला विनोदाचा भाग.

प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय 1829 च्या मे महिन्यातच झाला आणि तो ग्रँटसाहेबांच्या विरुद्ध गेला: मुंबईबाहेरच्या, एरवी आपल्या अधिकारात न येणाऱ्या रहिवाशांवर असा हुकूम काढण्याची सत्ता सुप्रीम कोर्टास नाही. मोरो रघुनाथचे पुढे काय व्हायचे ते झाले, पण मुंबई बेटाच्या किनाऱ्यावर त्या निकालाने कायद्याची जी वेस उभी केली ती जवळजवळ दीडशे वर्षे टिकली. वेशीच्या आत एका प्रकारचे कायदेपंडित नांदले आणि बाहेर दुसऱ्या प्रकारचे. या निकालानंतरच्याच वर्षी, 1830 साली, मुंबईत ज्या पेढीचा आरंभ झाला ती क्रॉफर्ड बेली आणि कंपनी या नावाने आजही फोर्टात काम करते. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध आहे असे मी म्हणत नाही. पण वेशीच्या आत राहणाऱ्यांना कसले काम मिळणार होते, ते पाहण्यास ही तारीख सोयीची आहे.

एका दाव्याला दोन माणसे

1862 साली सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालती मोडून मुंबईचे हायकोर्ट स्थापन झाले, आणि पुढल्याच वर्षी बोरघाटातून आगगाडी धावू लागल्यामुळे पुण्याची अपिले तिकडे नेणे सुकर झाले. कोर्ट एक झाले खरे, परंतु त्याच्या पोटात जुनी वेस तशीच राहिली. मुंबई शहरातील दावे जेथे प्रथम चालत ती मूळ शाखा, आणि पुणे, सातारा, नगर इत्यादी जिल्ह्यांतून येणारी अपिले जेथे चालत ती अपील शाखा. अपील शाखेत वकील स्वतःच कागद तयार करी आणि स्वतःच उभा राहून बोले. अगदी पुण्याच्या कोर्टाप्रमाणेच. मूळ शाखेत मात्र इंग्लंडची रीत चालू होती, आणि तीत एका दाव्यास किमान दोन कायदेपंडित लागत.

ही रीत अशी. मुंबईचा व्यापारी प्रथम सॉलिसिटरकडे जाई. सॉलिसिटर त्याची हकीकत लिहून घेई, दस्तऐवज ताब्यात घेई, प्रतिपक्षास नोटीस देई, साक्षीदार हुडके, दावा दाखल करी, आणि मग सर्व कागद क्रमवार लावून, फितीने बांधून, ते बाड बॅरिस्टरच्या खोलीत पाठवून देई. याचेच नाव ब्रीफ. बॅरिस्टर ते वाचून कोर्टात उभा राही. बॅरिस्टरने पक्षकाराशी परभारे व्यवहार करावयाचा नाही, त्याच्या हातून पैसे घ्यावयाचे नाहीत आणि दुसऱ्या बॅरिस्टरशी भागीदारी करावयाची नाही; सॉलिसिटरने उलटपक्षी मूळ शाखेत युक्तिवादास उभे राहावयाचे नाही. दोघांच्या मध्ये ही अशी भिंत.

आता या भिंतीचा परिणाम पाहा, कारण सगळे रहस्य तेथेच आहे. बॅरिस्टरचे भांडवल म्हणजे त्याची वाणी आणि बुद्धी. ती त्याच्याबरोबर येते आणि त्याच्याबरोबर जाते. सॉलिसिटरचे भांडवल मात्र कागद, कारकून, तिजोरी, खातेवही आणि पत्रव्यवहार हे आहे, आणि या वस्तू कोणा एकाच्या प्राणाशी बांधलेल्या नाहीत. एक आजारी पडला तर दुसरा तोच कागद उघडून पुढले पत्र लिहू शकतो. म्हणून सॉलिसिटरांनी भागीदाऱ्या केल्या, कोर्टाच्या दप्तरी पेढीचे नाव लागले, आणि पत्राखाली भागीदाराने स्वतःची नव्हे तर पेढीचीच सही करावी असा रिवाज पडला.

पुण्याच्या माणसास ही दुपदरी रीत पहिल्यांदा ठळकपणे दिसली ती बहुधा 1897 साली, जेव्हा केसरीतील लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. पत्र पुण्याचे, संपादक पुण्याचा, आणि संपादक स्वतः एल्‌एल्‌. बी. होऊन कायद्याचे वर्ग चालवणारा. पण खटला मुंबई हायकोर्टाच्या सेशनमध्ये चालायचा असल्यामुळे तेथे सॉलिसिटर आणि बॅरिस्टर दोन्ही उभे करावे लागले. जामिनाचा अर्ज दिनशा दावर या बॅरिस्टरांनी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे चालवून मिळवला, आणि मुख्य खटल्यासाठी पुघ नावाचे बॅरिस्टर कलकत्त्याहून आणवले गेले. 1908 च्या दुसऱ्या खटल्यात टिळकांनी हा सारा लवाजमा बाजूस सारून ज्युरीपुढे स्वतःच भाषण केले. त्या वेळी न्यायासनावर बसून शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती हे तेच दावर होते, ही गोष्ट पुण्यात अद्याप सांगितली जाते.

चौकट: कोण काय करी?

वकील: जिल्हा कोर्टांत आणि हायकोर्टाच्या अपील शाखेत कागदही करी आणि बोलेही. मूळ शाखेत त्यास प्रवेश नसे.

सॉलिसिटर (अटर्नी): पक्षकाराचा थेट सल्लागार. दस्त, नोटिसा, दाव्याची तयारी आणि पैशांचा हिशेब याच्याकडे. पेढी होते ती याचीच.

बॅरिस्टर: इंग्लंडात परीक्षा देऊन आलेला, मूळ शाखेत युक्तिवाद करणारा, एकटा काम करणारा.

मूळ शाखेचा ॲडव्होकेट: विलायतेस न जाता हायकोर्टाची अवघड परीक्षा देऊन बॅरिस्टरच्या बरोबरीने उभा राहणारा. काशिनाथ त्रिंबक तेलंग 1872 साली या वाटेने गेले.

आज हे चारही भेद जाऊन कायद्याने केवळ ॲडव्होकेट उरला आहे.

न मरणारा पक्षकार

कोर्टाच्या नियमाने पेढीला जन्म दिला, पण तिला पोसले दुसऱ्याच गोष्टीने. वेल्ह्याचा शेतकरी आणि मुंबईची गिरणी यांत पक्षकार म्हणून फरक कोणता? शेतकऱ्याचे काम एकदाच निघते, आणि निघू नये अशीच त्याची इच्छा असते. गिरणीचे काम रोज निघते, आणि गिरणी मरत नाही. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी उभारण्याचा उपक्रम केला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा भाव गगनास भिडून शहरात कंपन्यांचे आणि बँकांचे अक्षरशः पीक आले. आणि 1865 साली ते सारे कोसळले तेव्हा दिवाळखोरीच्या कामांचा पूर लोटला. कंपनी उभारताना सॉलिसिटर लागे आणि बुडताना तर अधिकच लागे. 1866 च्या कंपनी कायद्याने मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांचा पाया पक्का केल्यावर बँका, विमा कंपन्या, धर्मादाय न्यास आणि खुद्द सरकार असे चिरंजीव पक्षकार फोर्टात गर्दी करू लागले. लिटल आणि कंपनी ही 1856 ची, वाडिया गांधी 1883 ची, दिनशा मुल्ला यांची पेढी 1895 ची. दिनशांनी दिवाणी प्रक्रियेवर आणि हिंदू कायद्यावर लिहिलेले ग्रंथ आजही नव्या वकिलाच्या टेबलावर प्रथम येतात. त्यांच्या पेढीने पुढे क्रेगी, ब्लंट व करो या इंग्रज पेढीस आपल्यात सामावून घेऊन सगळीच नावे एका ओळीत ठेवली, आणि चिटणिसांना बुचकळ्यात टाकणाऱ्या लांबलचक शीर्षपत्राचा उगम हा असा विलीनीकरणात असतो.

चिरंजीव पक्षकार आणि चिरंजीव सल्लागार यांची ही जोडी काही मुंबईचीच विशेषता नव्हे. बँक ऑफ इंग्लंड 1694 साली निघाली आणि 1743 पासून तिचे काम पाहणारी फ्रेशफील्ड्स ही लंडनची पेढी अद्याप चालू आहे.

अशी पेढी वाढते कशी, ते तिच्या दप्तरखान्यात कळते. पत्र्याच्या काळ्या पेट्या, प्रत्येकीवर पक्षकाराचे नाव, आत खरेदीखते, न्यासपत्रे, मृत्युपत्रे, आणि बाहेर एक जाडजूड नोंदवही. एखादा न्यासलेख प्रथम लिहिताना महिना लागला असेल. दुसऱ्यास आठवडा लागतो, विसाव्यास दुपार पुरते, कारण एकोणीस मसुदे आणि त्यांतील एकोणीस चुका दप्तरी जमा असतात. ही शिदोरी एकट्या वकिलापाशीही साठते, पण ती त्याच्या डोक्यात साठते. पुनर्विकासाच्या कामी स्वारगेटच्या संस्थेला मुंबईच्या पेढीचे पत्र का येते, याचेही उत्तर यातच आहे. जमिनीच्या मालकीचा दाखला देण्यापूर्वी वकील साधारण तीस वर्षांच्या नोंदी निबंधक कार्यालयात तपासतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतो आणि मग आपले मत लिहून देतो. त्या मतावर विसंबून बँक वीस वर्षांच्या मुदतीने कर्ज देते. वीस वर्षांनी काही वांधा निघाला तर मत देणारा जाग्यावर असला पाहिजे, आणि याची खात्री माणसापेक्षा पेढीविषयी अधिक वाटते. ही खात्री अनेकदा अवाजवी असते असे माझे मत आहे, कारण स्थानिक वहिवाटीचे खाचखळगे पुण्याच्या वकिलास जितके ठाऊक तितके फोर्टातल्या भागीदारास क्वचितच असतात. परंतु बँकांच्या मनावर नावाचा प्रभाव मोठा.

नावाचा प्रभाव अधिकच वाढावा अशी व्यवस्था व्यवसायाच्या नियमांनीच केली आहे. वकिलाने जाहिरात करू नये, काम मिळवण्यासाठी फिरू नये, पाटीसुद्धा बेताच्या आकाराची लावावी, असा दंडक असल्यामुळे ज्याचे नाव आधीच लोकांच्या तोंडी आहे त्याचेच फावते. दक्षिण आफ्रिकेहून परतलेल्या गांधीजींनी 1902 साली मुंबईत वकिली थाटण्याचे ठरवले तेव्हा त्यांनीही फोर्टात पेन, गिल्बर्ट आणि सयानी या नामांकित पेढीच्या कचेरीतच जागा भाड्याने घेतली.

मृत्यूला वळसा घालणारे कलम

नियमाने पेढी जन्मली, पक्षकारांनी पोसली. ती मृत्यूतून पार कशी पडते, हे अजून सांगावयाचे आहे.

भागीदारी पेढी ही कायद्याच्या दृष्टीने भागीदारांहून निराळी अशी व्यक्ती नव्हे. 1932 च्या भागीदारी कायद्याचे 42 वे कलम सांगते की एक भागीदार मरण पावला की भागीदारी विसर्जित होते. पण त्या कलमाच्या आरंभीच एक छोटासा अपवाद घातला आहे: भागीदारांत तद्विरुद्ध करार नसेल तर. सारी किमया या अपवादात आहे. सॉलिसिटर इतरांची करारपत्रे लिहून पोट भरणारे. त्यांनी स्वतःच्या करारपत्रात, कोणी भागीदार मरण पावल्यास अथवा निवृत्त झाल्यास उरलेल्यांनी तीच पेढी त्याच नावाने चालवावी, मृताच्या वारसांस त्याच्या वाट्याचा हिशेब चुकता करावा आणि नावावर त्यांचा हक्क राहू नये, असे कलम घातले नसते तरच नवल. याच कायद्याने पेढीचा लौकिक ही तिची मालमत्ता मानली आहे, म्हणून नाव मागे राहते आणि माणूस हिशेबात वजा होतो.

येथे आडत्याच्या गाळ्याशी असलेले साम्य संपते, आणि ते कोठे संपते हे पाहण्याजोगे आहे. आडत्याचा मुलगा इंजिनिअर झाला तरी गाळ्यातील भागीदार राहू शकतो. वकिलाने मात्र जो वकील नाही त्याच्याशी मिळकतीची वाटणी करू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. म्हणजे कायद्याची सनद न घेतलेला मुलगा, मग तो कितीही हुशार असो, पेढीच्या दृष्टीने परका. आणि परक्या घरचा सनदी तरुण आपला. जुन्या पेढ्यांनी आपले वारस रक्तात न शोधता उमेदवारांत शोधले. तीन वर्षे सॉलिसिटरच्या हाताखाली राबावे, नकला कराव्यात, कोर्टाच्या खिडक्यांपाशी तिष्ठावे, आणि मग 1894 साली स्थापन झालेल्या बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची कठीण परीक्षा द्यावी. उत्तीर्ण झालेल्यांतून प्रथम सहायक आणि पुढे भागीदार. स्त्रियांना ही शिडी फार काळ बंदच होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून 1892 साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांस रीतसर वकिली करता यावी, यासाठी 1923 चा कायदा व्हावा लागला.

जेथे वारस घरातच शोधला गेला तेथे नावाचे मोल किती याचा प्रत्यय निराळ्या रीतीने आला. 1917 साली निघालेली अमरचंद मंगलदास ही पेढी देशातील अग्रगण्य पेढ्यांत गणली जात असता 2015 साली दोन भावांत तिची वाटणी झाली. मुंबई एकाकडे आणि दिल्ली दुसऱ्याकडे गेली, पण संस्थापकांचे नाव दोघांपैकी कोणीही सोडले नाही. प्रत्येकाने त्याच्या आधी आपले नाव जोडले एवढेच.

पुण्याने काय केले

पुण्यास यांपैकी पहिल्या दोन गोष्टी लाभल्या नाहीत. येथे कामाची फोड नव्हती, आणि पक्षकार बहुतांशी शेतकरी, इनामदार, सावकार. म्हणून पेढ्याही झाल्या नाहीत. वकिलाची कचेरी वाड्याच्या दर्शनी खोलीत. गादी, लोड, समोर पक्षकारांसाठी सतरंजी, आणि कोपऱ्यात बस्त्यांचा ढीग घेऊन बसलेला कारकून. सातत्य असलेच तर ते या कारकुनापाशी. कोणत्या दाव्याची तारीख कधी, कोणता कागद कोणत्या बस्त्यात, कोणता पक्षकार पैसे बुडवणारा, हे सारे त्याच्या जिभेवर. आणि साहेब वारले की तो बस्त्यांसह दुसऱ्या वकिलाकडे जाई व त्याच्यामागून निम्मे पक्षकारही जात. मुंबईत जे काम भागीदारीच्या कलमाने केले ते पुण्यात कारकुनाने केले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पण पुण्याच्या वकिलांनी दुसरे काही उभारले, आणि त्याचा आरंभ स्वारगेटच्या हाकेच्या अंतरावर असलेल्या पर्वतीशी निगडित आहे. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी तक्रारी होत्या. त्या सरकारदरबारी मांडायच्या तर मांडणाऱ्यास लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणी दिला, असा सवाल येणार, हे वकिलाच्या बुद्धीने ओळखून गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी वकिलाचेच हत्यार वापरले. 2 एप्रिल 1870 रोजी स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेचा सभासद होण्यास किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारनामे आणावे लागत. एरवी एका पक्षकाराने एका वकिलास लिहून द्यावयाचा कागद येथे सबंध शहराने आपल्या प्रतिनिधींस लिहून दिला. सुमारे सहा हजार लोकांनी मिळून 95 सभासद निवडले. निवडणूक हा प्रकार देशात जवळजवळ अज्ञात असताना पुण्याने तो वकीलपत्राच्या वाटेने आणला, ही कल्पकता मला फोर्टातल्या कोणत्याही भागीदारीपत्राहून थोर वाटते. हेच जोशी 1879 साली वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घेऊन पुण्याच्या कोर्टात उभे राहिले.

यानंतरही तोच क्रम दिसतो. हायकोर्टाचे वकील महादेव चिमणाजी आपटे यांनी 1888 साली संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनासाठी आनंदाश्रम काढला. वकील जगन्नाथ रघुनाथ घारपुरे 1924 साली सुरू झालेल्या पुण्याच्या लॉ कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले. मुंबईच्या सॉलिसिटरांनी पेढ्या काढल्या, पुण्याच्या वकिलांनी संस्था काढल्या. आणि दोहोंचा उद्देश, काढणाऱ्याच्या पश्चात काम चालू राहावे, हा एकच.

वेस पडल्यावर

1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने सर्व प्रकारच्या कायदेपंडितांचा एकच वर्ग केला आणि 1976 च्या दुरुस्तीने मूळ शाखेतील सॉलिसिटर-बॅरिस्टरांची भिंतही पाडली. तर्काने पाहता सॉलिसिटरांच्या पेढ्या त्या दिवसापासून ओसरू लागावयास हव्या होत्या, कारण ज्या नियमाने त्या जन्मल्या तोच गेला. तसे घडले नाही. मुंबईत पक्षकार सवयीने सॉलिसिटरकडेच जात राहिले, आणि लॉ सोसायटीची ती परीक्षा, कायद्याने तिची गरज उरलेली नसताही, तरुण अजून देतात, कारण त्या बिरुदास बाजारात किंमत आहे. पेढीचा जन्म नियमामुळे झाला असला तरी तिचे आयुष्य पक्षकारावर आणि करारावर अवलंबून होते, याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

वाढीला खरी आडकाठी होती ती भलत्याच कायद्याची. 1956 च्या कंपनी कायद्याप्रमाणे वीसपेक्षा अधिक माणसांस भागीदारी करता येत नसे. 1991 नंतर परदेशी भांडवल आले, कंपन्यांच्या खरेदी-विक्रीची कामे शेकड्यांनी निघाली, आणि पेढ्यांस वकील शेकड्यांनी लागू लागले. पण भागीदार मात्र वीसच. तेव्हा कोणी शहरोशहरी निरनिराळ्या भागीदाऱ्या नोंदवल्या, कोणी बाकीच्यांस भागीदार म्हणवून पगारावर ठेवले. 2008 च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी हा नवा प्रकार आणला. तिला संख्येची मर्यादा नाही, आणि तीत पेढीला भागीदारांहून स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व आहे, म्हणजे 42 व्या कलमाला वळसा घालण्याचीही गरज उरली नाही. साध्या भागीदारीची मर्यादाही 2013 च्या कंपनी कायद्याखालील नियमांनी पन्नासवर नेली. परदेशी पेढ्यांना येथे वकिली थाटता येणार नाही असे मुंबई हायकोर्टाने 2009 साली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली ठरवल्यामुळे या देशी पेढ्यांना वाढण्यास सवडही भरपूर मिळाली.

पुण्यातही आता पेढ्या निघत आहेत. हिंजवडी आणि खराडीच्या कंपन्या, पुनर्विकासाची कामे आणि बँका यांच्या रूपाने न मरणारा पक्षकार घाट चढून वर आला आहे. हायकोर्ट मात्र आलेले नाही. 2025 च्या ऑगस्टपासून कोल्हापुरास हायकोर्टाच्या सर्किट बेंचचे काम सुरू झाले तेव्हाही पुणे जिल्हा मुंबईकडेच राहिला, त्यामुळे अपिलाचे बस्ते अजून घाट उतरून जातात. आणि जिल्हा कोर्टात, जेथे भोर-वेल्ह्याच्या माणसाचा दावा चालतो, तेथे व्यवहारी वकिलांनी एक साधी तोड काढली आहे: वकीलपत्राच्या छापील नमुन्यावर एका नावाऐवजी कचेरीतील तीन-चार वकिलांची नावे लिहून सर्वांच्या सह्या घ्यावयाच्या, म्हणजे एकाच्या पश्चात दुसऱ्याचा अधिकार कायम राहतो. स्वारगेटला उतरून वकिलाकडे जाणाऱ्या पक्षकाराने सही करण्यापूर्वी त्या कागदावर नावे किती आहेत, एवढे अवश्य पाहून घ्यावे.